मागच्या चाकांची चेन

दत्ताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलो होतो. तोंडात कापूस, जबडा बधिर. पलीकडून सुनंदावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. चहा मागितला आणि घोटसुद्धा घेतला नाही." मी नुसतं हं... हं करत राहिलो. डॉक्टरांनी कापूस काढला तरी शब्द फुटेना. खरं सांगायचं तर दत्ताभाऊंच्या बाबतीत माझं तोंड सात वर्षं बंदच होतं. त्या दिवशी त्याला निदान भुलीचं इंजेक्शन तरी कारण होतं. आता महिना होत आला, आणि जे बोलायचं राहिलं ते मी इथे लिहितो आहे. पण आधी माणूस सांगतो. कारण दत्ताभाऊ आठवले की रडू मागाहून येतं, पहिल्यांदा हसूच येतं.

अंबरनाथ पूर्वेला आमची एकच सोसायटी, एकच जिना. ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी शाळेत भूगोल शिकवतो. ते औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या चेन बनवायचे. वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, तरी मला कायम "सर" म्हणायचे. त्यांच्या वर्कशॉपमधला एक जण मनालीला जाऊन आला आणि म्हणाला, तिथे बर्फात गाडीच्या टायरला चेन लावतात, तेव्हा कुठे गाडी चढते. झालं. दत्ताभाऊंची झोप उडाली. जन्मभर चेन बनवली, आणि चेनचं असलंही एक काम असतं हे आपल्याला ठाऊक नाही, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाशी हजर. म्हणाले, सर, बर्फ तुम्ही रोज शिकवता, पण बघितलाय का कधी? मी नाही म्हणालो. "मग चला. गाडी तुमची, चेन माझी."

तिथे चेन भाड्याने मिळते हे सांगून बघितलं. पण हाताने केलेलीच हवी, हा हट्ट. आम्ही उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शेटने कड्यांची जाडी बघितली, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "साईं, हाथी बांधना है क्या?" दत्ताभाऊंनी त्याला गल्ल्यावरच टायर, बर्फ आणि चढ असं सगळं चित्र काढून समजावलं. शेट इतका रंगला की गिऱ्हाइकं खोळंबून राहिली. मग चार रविवार दत्ताभाऊ सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट टाकून बसले. वहिनींच्या शिवणाच्या फितीने टायरचं माप घेतलं. दोन लांब साखळ्या, मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या, आणि टोकाला हूक. हुकाचं तोंड बाहेर राहिलं पाहिजे, नाहीतर टायर कापेल, हे त्यांनी कुठलंही पुस्तक न वाचता नुसतं बोट फिरवून ओळखलं. बर्फात बोटं बधिर होणार म्हणून मासळीबाजारातून घमेलंभर बर्फ आणला. त्यात पाच मिनिटं हात बुडवून ठेवायचे, मग डोळे मिटून हूक अडकवायचा. मी घड्याळ लावायचो. वहिनी गॅलरीतून ओरडायच्या की त्या हातांनी घरात कशाला शिवायचं नाही, पापलेटचा वास येतोय.

माझी गाडी भिंतीला नाक लावून उभी असायची, त्यामुळे हा सगळा सराव व्हायचा मागच्या चाकांवर. चढाची चाचणी घेतली ती बदलापूरच्या पुढे, माझ्या मामेभावाच्या शेतात. ऐन भातलावणीतला चिखल आणि त्याची जुनी जीप. जीप मागच्या चाकांवर चालणारी, म्हणून चेनही मागेच लावली. मामेभाऊ बांधावर उभा राहून म्हणाला, "गारीला पैंजन घातलंस का रं?" आणि ती जीप खरोखरच पैंजण वाजवत, छुम छुम करत चिखलातून बांधावर चढली. दत्ताभाऊ गुडघाभर चिखलात उभे राहून टाळ्या वाजवत होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला इतका आनंद झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

जानेवारीत आम्ही निघालो. दोघं आम्ही, दोघी बायका, डब्यात तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. मनालीच्या वर, सकाळी, पहिला बर्फ लागला. दत्ताभाऊ गाडीतून उतरले, चपला काढल्या आणि अनवाणी उभे राहिले. म्हणाले, "सर, हे तर आवाजच करत नाही..." मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

पुढे चढ होता. चेन लावायची वेळ आली. बायका काचा वर करून आत बसल्या होत्या. दत्ताभाऊंनी चेन पुढच्या चाकापाशी अंथरली. मी म्हणालो, मागे लावा. ते म्हणाले, "सर, आपली गाडी पुढून ओढते. जीपचं वेगळं होतं." खरंच होतं ते. पण मला त्या क्षणी काय झालं कोण जाणे... बर्फ भूगोलातला, गाडी माझी, आणि चाकांचं मला हा माणूस शिकवणार. मी म्हणालो, शेतात मागे लावून चढली ना? मग डोकं चालवू नका. हेच शब्द. डोकं चालवू नका. ते बर्फात उताणे झाले आणि उघड्या हातांनी चेन मागच्या चाकांना लावली. इतकी सुबक की तसूभरही ढिली नाही.

गाडी पंधरा पावलं चढली. मग पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली, नाक वळलं आणि आम्ही घसरत घसरत रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसलो. लागलं कोणालाच नाही. मागून येणारा तिथला एक ड्रायव्हर उतरला, चाकं बघितली आणि पोट धरून हसला. "चेन किसने लगाई?" एव्हाना बायकाही उतरल्या होत्या. मी दत्ताभाऊंकडे बोट दाखवून म्हणालो, "ये हमारे मिस्त्री हैं. इन्होंने लगाई."

मित्र म्हणालो नाही. शेजारी म्हणालो नाही. हमारे मिस्त्री.

दत्ताभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग त्या ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "हां जी, गलती हो गई. हमारे अंबरनाथ में बरफ सिर्फ मच्छी पे गिरती है." तो ड्रायव्हर आणखी हसला, बायका हसल्या, मीही हसलो. दहा मिनिटांत त्यांनी चेन काढून पुढच्या चाकांना लावली, आणि गाडी तो चढ शेळीसारखी चढली. वर पोचून आम्ही बर्फावर सतरंजी टाकून चटणी-भाकरी खाल्ली. वहिनींनी त्यांच्या मानेत बर्फाचा गोळा घातला, तेव्हा ते सबंध पठारभर नाचले. मी त्यांच्याकडे सरळ बघायचं टाळत होतो, एवढंच.

घरी आल्यावर ही गोष्ट सोसायटीभर झाली. सांगायचे स्वतः दत्ताभाऊच, अभिनयासकट. चाकं कशी फिरली, सर कसे पांढरे पडले, ड्रायव्हर कसा हसला. चूक मात्र प्रत्येक वेळी स्वतःची सांगायचे. मी शेजारी बसून ऐकायचो. पहिल्या वेळी गप्प राहिलो, मग दुसऱ्या वेळी बोलणं अवघड झालं, आणि दहाव्या वेळी अशक्य. त्यांचं नावच पडलं, मागची चेन. कोणाचा नळ दुरुस्त करायला गेले की ऐकावं लागायचं, दत्ताभाऊ, नळ मागून लावू नका हं. तेही हसायचे. एकदा सोसायटीच्या पंपाचं काम बघायला त्यांनी स्वतःहून नाव दिलं. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, नको, पाणी उलटं टाकीतून विहिरीत जाईल. सगळे खिदळले आणि काम बाहेरच्या माणसाला गेलं. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. इतिवृत्त लिहीत होतो. मान वर केली नाही. त्या दिवशी दत्ताभाऊ जरा उशिरा हसले... ज्या माणसाची सगळी इभ्रत त्याच्या हातात होती, त्याचा हात मी असा खोटा पाडला.

परवा दुपारी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बर्फातलं बोलणं, मिस्त्री, मीटिंग. त्या गॅलरीत मटार सोलत होत्या. ऐकता ऐकता हात थांबले. म्हणाल्या, "सात वर्षं मी त्यांना चेनवरून बोलले. मीठ जास्त झालं तरी चेन, किल्ली विसरले तरी चेन. आणि एका अक्षराने सांगितलं नाही या माणसाने." मी मान खाली घालून उभा. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "खाली कट्ट्यावर सगळे बसलेत. मला सांगून काय उपयोग? तिथे सांगा."

खाली गेलो. सांगितलं, अडखळत, पण सगळं.  मग आमच्याच जिन्यातला सावंत उठला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, गेलेल्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला मोठं मन लागतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की अरे, खरंच मी... आणि जितकं सांगावं तितका मी त्यांना मोठ्या मनाचा वाटत होतो. शेवटी एकाने माझ्यासाठी चहा मागवला.

वर येऊन वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मटारचं ताट मांडीवरून सांडेपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "छापून आणा आता. छापलेलं तरी मानतील मेले."

म्हणून हे छापायला दिलं. चेन मागच्या चाकांना मी लावायला सांगितली. दत्ताभाऊंनी पुढच्याच चाकांना सांगितली होती.

वहिनी बसल्या होत्या तो गॅलरीतला झोपाळा त्याच चेनचा आहे. मनालीहून आल्यावर दत्ताभाऊंनी ती सोडवून, आडव्या कड्या काढून, वहिनींसाठी हा झोपाळा टांगला. सात वर्षांत मी त्यावर कधी बसलो नव्हतो. ते सरकून जागा करायचे, मी प्लॅस्टिकची खुर्ची ओढायचो. परवा वहिनींनी डोळे पुसले, मटार गोळा केले आणि बाजूला सरकल्या. मी बसलो. झोपाळा एकदम मागे गेला, माझे पाय अधांतरी झाले आणि मी घाईघाईने कडी धरली.

"पुढे सरकून बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मागे जोर लावून काही होत नाही, एवढं तर कळलं असेल आता."