कान तुटलेले कप

माझी ताई कधी कुणाला उलटून बोललेली मला आठवत नाही. आवाज तर असा, की शेजारी बसलं तरी ‘काय म्हणालीस गं?’ असं दोनदा विचारावं लागायचं. घरातली भांडकुदळ मी. त्यामुळं त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात जे झालं ते तिनं केलं, मी नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव, आणि ओढ्याच्या पलीकडं, गावाबाहेर आमची वस्ती. जात सांगत बसत नाही. ‘गावाबाहेर’ म्हटलं की आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. मी एस.टी.नं बारामतीला कॉलेजला जायचे. तेव्हा शहरातल्या एका मोठ्या कॉलेजातल्या डॉक्टरीणबाई बायकांच्या अंगातल्या रक्ताचा अभ्यास करायला आमच्याकडं आल्या. गावातल्या झाडून सगळ्या बायकांचं रक्त तपासायचं, ज्यांचं कमी त्यांना औषध द्यायचं, आणि गरोदर बाईची वेळ आली की त्यांच्याच जीपमधून इंदापूरच्या दवाखान्यात न्यायचं. वस्तीत घरोघर सांगत फिरायला त्यांनी मला बरोबर घेतलं. माझा तोरा काय विचारता!

ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरलेला, आणि तोंड पांढरंफटक. तिचं पहिलं बाळ सासरी दगावलं होतं. कसं गेलं ते ऐका. नर्सबाई आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. अंगणात उभी राहून ‘असं करा, तसं करा’ सांगत राहिली. उंटावरून शेळ्या हाकल्या मेलीनं, आणि आत बाळ गेलं. म्हणून आईनं या डॉक्टरीणबाईंवर सगळा भरवसा टाकला होता. “औंदा माझ्या लेकीला जीप हाय,” असं ती भेटेल त्याला सांगायची.

रक्त घ्यायच्या आधी शाळेत सगळ्या बायकांची बैठक झाली. चहा गावातल्या थोरल्या घरचा, कारण डॉक्टरीणबाई त्यांच्याकडंच उतरलेल्या. त्या घरच्या वहिनी स्वतः किटली घेऊन आल्या. गावातल्या बायकांना स्टीलचे पेले. आम्हाला चिनी मातीचे कप, एकजात कान तुटलेले. ते आमच्या चांगले ओळखीचे. थोरल्या घरच्या गोठ्यात, भिंतीतल्या कोनाड्यात ते खास आमच्यासाठी ठेवलेले असायचे. प्यायचं, आपलं आपण विसळायचं आणि परत कोनाड्यात ठेवायचं.

डॉक्टरीणबाई छान बोलल्या. शेवटी हसून म्हणाल्या, “रक्त सगळ्यांचं सारखंच, लालच असतं बरं का!” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ताईनं हातातला कप भरलेला तसाच खाली ठेवला आणि पोट सावरत उठली.

“काय होतंय? चक्कर आली का?” बाईंनी विचारलं.

“रगत लाल असतंय, ठावं हाय आमाला,” ताई म्हणाली. “ह्या कपाचं काय, त्ये सांगा.”

बाईंनी कपाकडं बघितलं, मग वहिनींकडं बघितलं. हळूच म्हणाल्या, “हे बघ, प्रत्येक गावची एक पद्धत असते. मी इथं पाहुणी. त्यात आपण कशाला पडायचं?”

“मग ऱ्हाऊ द्या बाई. आज ह्या कपाला हात लावायची तुमची छाती न्हाय. उद्या माझ्या अंगाला लावाल?”

इतकंच बोलली आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. तिच्यामागं आई उठली, आईमागं अख्खी वस्ती. जिला जीपची सगळ्यांत जास्त गरज, तीच सगळ्यांत आधी उठली होती!

घरी आल्यावर आई चुलीपुढं बसून रडली. “जीप गेली गं, बाय.”

“ती नर्सबी शिकल्यालीच हुती, आई,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरीणबाई आमच्या दारात. वस्तीला सोडून गावचा अभ्यास पुरा होणार नव्हता, हे खरंच. पण बाई रात्रभर झोपल्या नव्हत्या हेही डोळ्यांवरून दिसत होतं. ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “मी तोड काढली आहे. प्लास्टिकचे कप आणते. सगळ्यांना तोच, प्यायचा आणि फेकायचा. कुणाला वेगळं काही नाही.” मला तर झकास वाटलं. मी आईकडं बघितलं, तर तिच्या कपाळाला आठी.

“फेकायचा कप म्हंजी आमचं उष्टं कुणाला धुवाया नको, असंच न्हवं?” आई म्हणाली. “ताकाला जाऊन भांडं कशापायी लपवता? धुवायचाच कप आणा. समद्यांचे कप एका बादलीत धुवा, आन् त्यातनंच समद्या प्या.”

बाई वाद घालतील असं वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, “मला हे सुचलंच नाही हो. मग कसं करू, तुम्हीच सांगा.”

शिकलेल्या माणसानं आमच्या ओट्यावर बसून आमच्या आईला ‘कसं करू’ म्हणून विचारलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. मग आईनं सांगितलं आणि बाईंनी ऐकलं. रक्त तपासायचं शिबिर आमच्या समाजमंदिरात घ्यायचं. कप सगळ्यांना सारखेच, बादली एक, धुवायला एक बाई गावची आणि एक वस्तीची. आणि इथून पुढं काय ठरवायचं ते आम्हाला बसवून ठरवायचं.

शिबिराच्या दिवशी वस्ती लोटली. गावातलं चिटपाखरूही आलं नाही. उन्हं चढली. डॉक्टरीणबाई सारख्या ओढ्याकडं बघत होत्या. सगळा अभ्यास बुडणार म्हणून त्यांचा चेहरा उतरला, पण ‘शाळेत घेऊ या’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

आणि ओढा ओलांडून कोण यावं? थोरल्या घरच्या वहिनी, एकट्या! डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. त्यांनाही कितीतरी दिवस घेरी यायची, हे नंतर कळलं. मुकाट्यानं रक्त दिलं. ताईनं नुकताच चहा पिऊन कप ठेवला होता, वहिनींनी नेमका तोच उचलला. बादलीत बुडवून विसळला, चहा ओतून घेतला आणि डोळे मिटून, कडू काढा प्यावा तशा प्यायल्या. दुपारनंतर गावातल्या आणखी बायका आल्या. सगळ्या नाही, पण आल्या.

ताईचं रक्त फारच कमी निघालं. गोळ्या, इंजेक्शनं सुरू झाली. वेळ आली तेव्हा जीपही आली, आणि इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत तिचा हात धरून उभ्या होत्या. मुलगी झाली. रडून दवाखाना डोक्यावर घेणारी, म्हणजे माझ्यावर गेलेली.

ताई घरी आल्यावर थोड्या दिवसांनी वहिनी झबलं-टोपडं घेऊन आल्या. सवयीनं उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“आत या की वैनी,” ताई म्हणाली.

त्या आत आल्या आणि बाळासाठी हात पुढं केले. ताईनं बाळ छातीशीच धरून ठेवलं.

“आदी च्या घ्या.”

शिबिरात डॉक्टर होत्या, सगळ्यांच्या नजरा होत्या. इथं कुणी नव्हतं. आमचं घर, आमची चूल, आमचा कप. वहिनींनी एकदा मागं दाराकडं बघितलं. मग खाली बसल्या. आईनं चहा दिला. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या आणि कप विसळायला मोरीकडं जायला उठल्या.

“ऱ्हाऊ द्या,” ताई म्हणाली. “आमच्यात पाव्हण्याला कप धुवाया लावत न्हाईत.”

आणि तिनं बाळ वहिनींच्या हातात दिलं.