पाटावरचा स्पॅनिश अंक

कुवेतमध्ये, बनेद अल-गारमधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर स्पेनहून आलेली एक शिक्षिका राहते. तिची आई तिकडे एका खेड्यात एकटी असते आणि लग्नाआधीपासून एकच सचित्र साप्ताहिक वाचते. त्याचा अंक मी पहिल्यांदा चाळला, तेव्हा पुण्याच्या वृत्तपत्रात अंगी बाणलेली सगळी शिस्त डळमळली. एका पानावर पुरात बुडालेलं गाव. पान उलटलं की राजघराण्यातलं लग्न. पुढे कोळंबीची पाककृती, राशिभविष्य आणि बैलांशी झुंजणाऱ्या एका वीराचा घटस्फोट. आमच्याकडे एवढ्यासाठी चार पुरवण्या आणि रोजची भांडणं लागायची. मला स्पॅनिश येत नाही, पण छायाचित्रंच इतकं बोलत होती की अडलं नाही.

शेवटी एक पान वाचकांचं असे. चालू अंकासोबत फोटो काढायचा. मुखपृष्ठ आणि ठिकाण, दोन्ही दिसायला हवं. आईनं गावातल्या पार्लरमध्ये जाहीर करून टाकलं होतं की मुलगी कुवेतहून त्या पानावर येणार. मुलीचे आधीचे फोटो मात्र छापले गेले नाहीत. एगैलातल्या मॉलमधला कुठल्याही देशातला वाटत होता. वाळवंटातल्या फोटोत फक्त उजेड होता. धुळीच्या वादळातल्या फोटोत तिचे दात तेवढे ओळखू येत होते. आता साप्ताहिकानं ते पानच बंद करायचं ठरवलं. शेवटचे फोटो दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. पार्लरमध्ये आईची रोज चेष्टा होत होती.

सुट्टीत स्पेनला जाऊन आलेल्या सहकाऱ्यानं तिला चालू अंक आणून दिला. दसऱ्याच्या सकाळी शाळेत जाताना तिनं तो आमच्या टेबलावर ठेवला. ती परतली की समुद्रावर जाऊन, पाठीमागे कुवेतचे प्रसिद्ध मनोरे घेऊन, मी फोटो काढायचा असं ठरलं.

पूजा आमच्याकडे होती. सबाह अल-सालेमहून काकू आल्या होत्या. नात्यानं त्या कुणाच्याच काकू नाहीत, पण इथल्या मराठी घरांत रीतीभातीबाबत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी पाटीवर सरस्वती काढली आणि पाटावर माझ्या मुलीची पुस्तकं, दोन लॅपटॉप, घरात जे जे छापलेलं सापडलं ते सगळं मांडलं. दर दसऱ्याला येणारा मालवणकडचा इलेक्ट्रिशियन दारातून म्हणाला, "वयनी, माझो टेस्टर खंय ठेवू?"

"लॅपटॉपशेजारी ठेव," काकू म्हणाल्या. "दोघं एकाच खात्यातले."

शाळेतून परतलेली शेजारीण निळा झगा घालून, केस कुरळे करून आली आणि तिनं अंक मागितला. मी टेबलाकडे पाहिलं, मग पाटाकडे. मुखपृष्ठावरच्या नटीच्या कपाळावर, बरोबर मधोमध, हळदकुंकू होतं. खांद्यावर झेंडू.

"काकू, तो अंक हिचा आहे. फोटोला न्यायचाय."

"आता नाही. पूजेला बसलेलं पुस्तक उद्या सकाळपर्यंत उठत नाही. आज अक्षर वाचायचंसुद्धा नाही."

"सो नो होमवर्क?" माझ्या मुलीनं विचारलं.

"नो," काकू म्हणाल्या.

"काकू, ते काही धार्मिक पुस्तक नाही. आत घटस्फोट आहे."

"छापलंय ना? मग सरस्वतीचंच. तुझ्या पेपरात तिनं काय कमी सोसलं?"

मी हे सगळं इंग्रजीत शेजारणीला सांगितलं. तिचा चेहरा आधी पडला, मग ती पाटाकडे बघत राहिली. "अंक हलायचा नाही," ती म्हणाली. "मी हलले तर चालेल?"

काकूंनी विचार केला. "पोरगी हुशार आहे. बस म्हणावं. आधी पाय धू म्हणावं."

ती झग्यासकट पाटाशेजारी मांडी घालून बसली. काकूंनी तिला कुंकू लावलं, हातात आपट्याचं पान दिलं. खिडकीतून मनोऱ्याचं टोक दिसत होतं, म्हणजे ठिकाणाचा प्रश्न सुटला. इलेक्ट्रिशियननं स्टुलावर चढून दिवा धरला.

"वयनी, माझो टेस्टर येता मां फोटोत? गावाक दाखवचो आसा."

शेजारणीला शब्द कळले नाहीत, पण त्याचा चेहरा बघून ती खो खो हसली आणि त्याच क्षणी मी बटण दाबलं. फोटो किंचित हलला होता. वृत्तपत्रात असताना असे फोटो मी परत पाठवायचे. हा तसाच पाठवला.

तो छापून आला. त्याच सहकाऱ्याच्या स्पेनमधल्या बहिणीनं पानाचा फोटो पाठवला: मोठा, वरच्या कोपऱ्यात, टेस्टरसकट. आईला आधी सांगायचं नाही, तिचं तिला सापडू दे, असं शेजारणीनं ठरवलं. आई अंक हाती आल्या आल्या वाचते; कॉफीसुद्धा नंतर.

दिवसभर फोन आला नाही. संध्याकाळी शेजारीण आमच्याकडे येऊन बसली. काकूही आल्या होत्या. "तिला आवडलं नसेल," शेजारीण म्हणत राहिली. "कुंकवामुळे असेल." शेवटी तिनंच व्हिडिओ कॉल लावला.

आई मजेत होती. अंक मिळाला? मिळाला की. वाचला? छे! मुलीनंच तर सांगितलं होतं, शेजारी नव्या अंकाची पूजा करतात आणि त्या दिवशी वाचत नाहीत. आईला ते फार पटलं होतं. तिनं फोन वळवला. स्वयंपाकघरात मेरीच्या मूर्तीपुढे अंक मिटलेला होता, त्यावर फूल, आणि मुखपृष्ठावरच्या राजकन्येच्या कपाळावर लिपस्टिकचा ठिपका.

"अगं बाई, ते फक्त दसऱ्याला!" काकू किंचाळल्या. "उघड म्हणावं! माझी परवानगी आहे!"

निरोप इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये पोचला. आईनं क्रुसाची खूण केली आणि अंक उचलला. पानांची सळसळ ऐकू आली. मग एक आरोळी. त्यापुढे पडद्यावर छत, दार, तिच्या सपाता, दगडी रस्ता आणि आकाश असं सगळं उलटसुलट धावू लागलं. फोन हातात तसाच ठेवून ती पार्लरकडे पळत सुटली होती.