मागचे अर्धवट केस

इंदिरानगरच्या त्या पार्लरमध्ये आम्हा दोघींना कुणी नावाने हाक मारत नसे. ती लासलगाव, मी हरसूल. पार्लरवाल्या ताईंनीच पाडलेली नावं. माझं हरसूल तरी सोयीपुरतंच. बस हरसूलला सोडायची आणि आमचा पाडा तिथून पुढे दोन तास पायी. मी वर्षातून दोनदा जायची, दिवाळीला आणि शिमग्याला. ती दर पंधरा दिवसांनी जाऊन यायची, येताना आईने दिलेले लाडू आणायची, मलाही द्यायची. मी खायची, आणि खाता खाता जळायची.

जळायला कारणं भरपूर होती. ती दहावी पास, मी सातवीतच शाळा सोडलेली. क्रीमच्या खोक्यावरचं इंग्रजी ती अडखळत का होईना, वाचायची. गिऱ्हाईक बायका दारातूनच विचारायच्या, "लासलगाव आहे का गं? तिच्याच हातून आयब्रो करायच्यात." मग मी झाडू घ्यायची. भातलावणीपलीकडे काही न येणाऱ्या मुलीच्या हातात ताईंनी कात्री दिली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही वाकडा शब्द नाही. पण बोलताना त्या हात ठेवायच्या तो तिच्या खांद्यावर, आणि ते माझ्या नजरेतून कधी सुटलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. केस सरळ करून घ्यायचं वेड नाशकात नुकतं शिरलं होतं. ताईंनी दुसरी खुर्ची घ्यायचं ठरवलं आणि मला वाटलं, ती माझी. आयब्रोला ती पुढे असेल, पण केसांत माझा हात बरा चालतो, हे ताईच म्हणायच्या. एक दिवस त्यांनी सहज सांगून टाकलं, "महिनाभरात खुर्ची येईल. तिथे लासलगाव उभी राहील." वर माझ्याच हातात क्रीमचं खोकं दिलं. "रविवारी खोलीवर हिचे केस सरळ करून टाक. खुर्चीमागे उभी राहणारीचे केस बायका आधी बघतात. मला लग्नाची ऑर्डर आहे."

म्हणजे खुर्ची मला हवी होती, आणि त्या खुर्चीसाठी तिला नटवायचं मीच.

आम्ही दोघी एका बंगल्यामागच्या खोलीत राहायचो. रविवारी सकाळी ती स्टुलावर बसली. आमच्या पाड्यावर डोक्याला काहीही लावायचं तर आधी तेल. तेलाशिवाय शिकेकाईसुद्धा कुणी लावत नाही. तिची मान घामोळ्यांनी भरलेली, म्हणून मी मागच्या केसांत पार मुळापर्यंत खोबरेल चोळलं. पोळू नये म्हणून. ते खरंच त्यासाठीच होतं. पुढचं मात्र मला आजही छातीठोक सांगता येत नाही. क्रीम वीस मिनिटं ठेवायचं होतं. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "थोडं चुरचुरतंय गं." मी लगेच म्हटलं, "चल, धुवू." तेवढं चुरचुरणं चालतं, हे मला माहीत होतं.

केस वाळल्यावर तिने पाठीमागे हातआरसा धरला. पुढचे केस सरळ पडले होते. मागचे मुळाशी फुगलेले, मध्येच वळलेले, ना धड कुरळे ना धड सरळ.

"अगं बाई! कांद्याच्या गोणीची सुतळी उसवल्यागत दिसतंय."

"पुढून छान आलेत."

"बाया काय माझ्याशी पुढूनच बोलणार हाय का?" ती आधी हसली, मग आरसा पालथा ठेवला. "क्रीम अर्धं उरलंय ना? लाव परत. सगळीकडं लाव."

मी वाटीत क्रीम काढलं. मागची एक बट ओली करून बोटावर घेऊन ओढली. ती चुइंगमसारखी ताणली आणि परत आखडलीच नाही. अशा केसाला त्याच दिवशी पुन्हा क्रीम लागलं तर केस हातात येतात, हे ताईंनी मला एकदा बेसिनपाशी सांगितलं होतं. तेव्हा ही गावी होती. तिला माहीत नव्हतं. लाव म्हणून तिनेच सांगितलंय, मग दोष कुणाचा? तिचं तोंड भिंतीकडे होतं, ब्रश क्रीममध्ये बुडलेला होता. खुर्ची माझी होईल, असं मी मनात अगदी स्पष्ट शब्दांत म्हटलं.

मला सोपं जावं म्हणून तिने मान आणखी खाली घातली.

मी वाटी खाली ठेवली. "आज नाय लावायचं. केस तुटतील. पंधरा दिवस थांब." आणि मग तोंडातून गेलंच, "मी लवकर धुतलं. बाराच मिनिटं झाली होती."

"माहितीये. घड्याळ माझ्या समोरच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला मानेवर काय तरी दिसलं असंल. केसातलं तुला जास्त कळतं ना, बये."

सोमवारी ताईंनी तिचे केस बोटांनी वर उचलून पाहिले, वास घेतला.

"तेल कुणी लावलं?"

"मी."

"तेलावर क्रीम चढेल का? आणि वेळ?"

"बारा मिनिटं. मीच धुतलं." ताईंनी तिचे केस खाली सोडले. "मला परत पाड्यावर पाठवताय का?"

"खोलीवर पाठवतेय. तू बिघडवलंस, तूच नीट करायचं. पंधरा दिवसांनी. आणि जे सरळ झालंय त्याला क्रीमचा थेंब लागता कामा नये."

पंधरा दिवस ती केसांचा अंबाडा घालून हिंडली. मी एक दिवसाआड तिच्या केसांना दही लावून द्यायची. कुणी विचारलं की ती सांगायची, "शिकतोय आम्ही." 'आम्ही' म्हणायची. मला ते टोचायचं.

दुसऱ्या खेपेला बट ओढली तर ती टुणकन मागे आली. केस कोरडे, तेलाचा अंश नाही. पुढच्या सरळ केसांना, टोकांना आणि मानेच्या कातडीला व्हॅसलीनचा जाड थर दिला. मागचे केस बोटभर रुंदीचे भाग पाडून चिमट्यांत अडकवले आणि फक्त वळलेल्या तेवढ्याच जागी ब्रशने क्रीम लावलं. ओढायचं नाही, कंगव्याच्या पाठीने हलकं सपाट करत जायचं. दर तीन मिनिटांनी एक बट पुसून बघायची. दहाव्या मिनिटाला केस बोटांखाली ढिला पडायला लागला. हट्ट सोडल्यासारखा. तेराव्या मिनिटाला धुतलं, खूप वेळ धुतलं, मग खोक्यातल्या दुसऱ्या बाटलीतलं, सरळपणा पक्का करणारं औषध लावलं.

वाळल्यावर ते केस पाठीवर असे पडले की मीच दोन पावलं मागे सरले. इतकं चांगलं काम मी तोवर केलं नव्हतं, आणि ते तिच्या डोक्यावर होतं.

खुर्ची आली. लासलगाव तिच्यामागे उभी राहिली, मी झाडू घेऊन बाजूला. पहिल्याच दिवशी एक बाई आरशातून तिला म्हणाल्या, "केस कुठे केलेस गं? माझे गेल्या आठवड्यात घरी केलेले, बघ ना, अर्धेच राहिलेत."

"हिने केले," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हिच्याकडूनच घ्या करून. मला नाय जमायचं." आणि खुर्ची माझ्याकडे वळवून ती बाजूला झाली.

मी त्या बाईंची बट ओढून पाहिली, "आठ दिवस थांबायला लागेल," म्हणाले. माझा आवाज स्थिर होता. पण आत मी पुन्हा तिच्यावर जळत होते. इतक्या लोकांसमोर 'मला जमत नाही' असं म्हणून ती हसत चहा टाकायला निघून गेली होती. मला ते आजही जमलेलं नाही.