सैनिकांच्या कबरींवरच्या तीन पाट्या

ती केस अजून डोक्यातून जात नाही. मी आठवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन घरी बसलो. लिहायची सवय फक्त स्टेशन डायरीची. तसंच लिहितो.

परळच्या बाजूला लढाईत मेलेल्या परदेशी सैनिकांच्या जुन्या कबरी आहेत. प्रत्येकीवर पितळी पाटी, पाटीवर नाव. देखभाल बघणारे साहेब एका सकाळी ठाण्यात आले. तीन पाट्या गायब. चाव्या एकट्या माळ्याकडे.

माळी साठीचा, कोकणातला, लालबागच्या चाळीत राहणारा. चौकशीला समोर उभा केला.

“पाट्या कुठं विकल्यास?”

“विकूक नाय, साहेब.”

“मग पाय फुटले काय त्यांना?”

गप्प. दोन तास गप्प. चोर शपथा घेतो, बडबडतो. हा जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं, मुरलेला आहे. मी हात उचलला होता, खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात लालबागच्या एका भांडीवाल्याचा फोन आला. हा भांड्यांवर नावं टाकून देतो. “साहेब, काल एक म्हातारा इंग्रजी नावाची पाटी घेऊन आलेला. म्हणे, अक्षरं परत कोरून दे. चोरीचा माल वाटला, हाकलला.”

पंच घेतले, माळ्याला घेतलं, त्याची खोली गाठली. मोरीत तिन्ही पाट्या, लखलखीत. त्याची बायको पुढं आली.

“सायबानू, तेंका सोडा. मीच घासलंय.”

कबरी बघायला बाहेरून पाहुणे येणार होते. पाट्या काळ्या पडलेल्या, म्हणून माळ्याने तीन सोडवून घरी आणल्या. बाईने गणपतीची भांडी घासतात तशा चिंच आणि विटेची पूड लावून घासल्या. एकीची अक्षरं आधीच झिजलेली. ती साफ गेली.

“आधी का नाही बोललास रे?”

“हिका पकडशाल म्हणून.” मग तो रडायलाच लागला. “साहेब, त्या सैनिक पोराचा नाव गेला. नावाशिवाय त्याका हय दुसरा होता काय?”

चोरीचा इरादा नव्हता. तसा दोघांचा जबाब लिहून घेतला. देखभालवाल्या साहेबांनी रजिस्टर काढलं, कबरीच्या नंबरावरून नाव सापडलं. तरी ते म्हणाले, “ह्याला कामावरून काढतो.”

मी म्हटलं, “काढा. पण त्या पोरासाठी रडणारा दुसरा माळी आणून दाखवा.”

साहेबांनी त्याला कामावर ठेवलं. तक्रार मागे घेतली. भांडीवाल्याने नाव कोरून दिलं, माळ्याने पाटी स्वतः बसवली. त्यानंतर त्याने सगळी नावं साहेबांकडून ऐकून पाठ केली. परत एखादं गेलं तर, म्हणून.

मी शिकलो ते हे. गप्प बसणारा दर वेळी गुन्हाच लपवत नसतो, कधी बायकोला पाठीशी घालत असतो. मी माझ्या बायकोसाठी असं कधी केलं नाही. सगळं तिनंच केलं.

गेल्या वर्षी ती गेली. बाराव्याला खात्यातली माणसं आली, चहा पिऊन गेली. माळी बायकोला घेऊन आला. म्हणाला, “साहेब, वयनीचा नाव काय?”

दिवसभरात कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना ती फौजदारीणबाई. मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून बघितलं.

“सकाळी झाडू मारताना मी सगळ्यांची नावां घेतंय. तेंचा पण घेईन.”

एका सकाळी मी जाऊन लांब उभा राहिलो. तो एकेका कबरीपाशी वाकत होता, नाव घेत होता. रांग संपली आणि मग तिचं नाव आलं. देव त्या माणसाचं भलं करो.