इरेज केलेला लॅपटॉप आणि शुक्रवारचं जेवण

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय. मी प्लॅनिंग इंजिनिअर. मूळचा नाशिकचा, गेली चौदा वर्षं सौदीत. ऑफिस धाहरानला, घर अल-खोबरला. दिवसभर शटडाऊनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, शेड्युल्स करायची, संध्याकाळी बसमध्ये डुलक्या घेत घरी यायचं... भुताखेतांवर विश्वास ठेवायला लागते ती ताकदसुद्धा माझ्यात उरलेली नाही. त्यामुळे हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही. डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी इरा बारावीत आहे. तिला आर्किटेक्चर करायचंय, पोर्टफोलिओसाठी चांगला लॅपटॉप हवा होता, आणि 'चांगला' म्हणजे ती सगळी पोरं ज्याच्यावर भाळतात तोच महागडा. नवा परवडत नव्हता. वर्षभरापूर्वी असाच एक सेकंडहँड घेऊन मी तोंडघशी पडलो होतो. तीन दिवस झकास चालला आणि चौथ्या दिवशी स्क्रीनवर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं, 'हे यंत्र आमच्या मालकीचं आहे' म्हणून. नोकरी सोडून जाणाऱ्या कुणीतरी ऑफिसचाच लॅपटॉप मला विकला होता आणि कंपनीने तो लांबून लॉक केला. विकणारा तोवर देशाबाहेर. बायकोने, वैशालीने, तो लॉक झालेला लॅपटॉप कपाटावर ठेवून दिला. तो तिथे दिसला की मला अजून लागतं.

म्हणून यंदा मी नियमच केले. भेटायचं ते भर दुपारी, मॉलच्या फूड कोर्टात. मूळ बिल पाहिजे. बिलावरचा, खोक्यावरचा, मशीनच्या पोटावरचा आणि स्क्रीनवरचा सीरियल नंबर एकच पाहिजे. बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकणाऱ्याने माझ्यासमोर स्वतःच्या अकाउंटमधून बाहेर पडायचं आणि अख्खा लॅपटॉप इरेज करायचा. नव्या मशीनसारखा 'हॅलो' आला, की मगच व्यवहार.

इथे कुणी फायनल एक्झिटवर निघालं, म्हणजे कायमचं परत चाललं, की व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा संसार विकायला येतो. कुकर, गादी, फ्रीज, सगळं. आमच्या ग्रुपवर अशीच एक यादी आली आणि तिच्यात हा लॅपटॉप होता. विकणारे नझीरभाई, रायगडकडचे, श्रीवर्धनच्या जवळच्या गावातले. एका कॉन्ट्रॅक्टरकडे स्टोअरकीपर होते. बावीस वर्षं इथे, आणि ती सगळी एकट्याने, कॅम्पमधल्या खोलीत.

फूड कोर्टात आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट, पांढरी दाढी, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये बिल. चार वर्षांपूर्वीचं, त्यांच्याच नावाचं. स्टोअरकीपरने एवढा महाग लॅपटॉप का घेतला असेल, असं मनात आलं आणि मी ते विचारलंही. आधीच्या अनुभवाने माणूस उद्धट होतो. ते म्हणाले, "मोबाइलवर चेहरा बारीक दिसायचा, साहेब." मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाले, आता घरीच चाललोय, व्हिडिओ कॉल कुणाला करायचा.

सगळे नंबर जुळले. बॅटरी उत्तम. मी म्हटलं, आता इरेज करा. ते जरा घुटमळले. उद्या केलं तर चालेल का, एकदा पेनड्राइव्ह तपासून बघतो, म्हणाले. आणि मी... मला ते वाक्य ऐकून आधीचा माणूस आठवला. तोही 'उद्या' म्हणाला होता. मी म्हटलं, नझीरभाई, आत्ता होत असेल तर घेतो, नाहीतर राहू द्या. त्यांचं विमान दोन दिवसांनी होतं. त्यांनी चष्मा लावला, मी सांगितलं तिथे बोट ठेवलं आणि इरेज केलं. 'हॅलो' आला. मी हात मिळवला आणि शहाण्यासारखा घरी आलो.

पहिला शुक्रवार. इथे शुक्रवारी सुट्टी. दुपारची नमाज होऊन रस्ते शांत झाले होते, दीड वाजला असेल, आम्ही जेवायला बसत होतो. लॅपटॉप टेबलाच्या कडेला बंद करून चार्जिंगला लावलेला. खर्र... खर्र... असा आवाज यायला लागला. वैशाली म्हणाली, शेजारी कुणीतरी नारळ खवतंय. आमच्या शेजारी सुदानी कुटुंब राहतं, ते कशाला नारळ खवतील. तरी मी 'हो' म्हणालो आणि जेवत राहिलो, कारण मला उठायचा कंटाळा आला होता.

दुसऱ्या शुक्रवारी तोच आवाज. मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा. मग बांगड्या. आणि मग एका बाईचा स्पष्ट, घरगुती आवाज - "जेवलात काय?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या फोनकडे. इरा शांतपणे म्हणाली, "बाबा, इट्स फ्रॉम द लॅपटॉप ओन्ली."

लॅपटॉप बंद होता. झाकण उघडलं तर स्क्रीन काळी, बटण दाबल्यावर सुरू व्हायला नेहमीसारखा वेळ लागला. म्हणजे खरोखरच बंद होता. आवाज मात्र चालूच. वीसेक मिनिटं. ती बाई अधूनमधून एखादं वाक्य बोलायची, मधे बराच वेळ नुसती तिची कामं. जसं आपण घरातल्या माणसाशी बोलतो ना, उत्तराची घाई नसल्यासारखं.

घाबरलो का? इराच्या अंगावर काटा आला होता, वैशालीने देवाजवळ दिवा लावला. मला मात्र आधी थकवा आला. आता हे पण, असं वाटलं. तिसऱ्या शुक्रवारी इराने फोनवर रेकॉर्डिंग केलं. आम्ही तिघांनी कानांनी ऐकलेलं त्यात काहीच नाही, नुसती एसीची घरघर. मग अल-खोबरच्या मार्केटमधल्या एका मल्याळी टेक्निशियनकडे नेला. त्याने आतबाहेर तपासलं, पुन्हा सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकली आणि हिंदीत मला समजावलं की साब, इसमें कुछ नहीं है, बिलकुल जेन्युईन पीस है. जेन्युईन आहे हे मलाही माहीत होतं. चौथ्या शुक्रवारी दीड वाजता नारळ खवायला सुरुवात झाली.

त्या दुपारी मी नझीरभाईंना मेसेज केला. काय लिहावं कळेना. शेवटी एवढंच विचारलं, की या लॅपटॉपवर तुमचं काही रेकॉर्डिंग होतं का. पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला. म्हणाले, "सापडलं काय, साहेब?"

आता जे कळलं ते सांगतो. नझीरभाई आणि त्यांची बायको शाहीन, यांचा संसार वीस-एकवीस वर्षांचा, त्यातली एकत्र घालवलेली मोजली तर सुट्ट्या धरून जेमतेम दोन-अडीच. दर शुक्रवारी नमाजनंतर ते खोलीत जेवायला बसायचे आणि कॉल लावायचे. इकडे दीड म्हणजे तिकडे चार. ती चार वाजेपर्यंत जेवायची नाही. दोघं समोरासमोर ताट घेऊन बसायची. बोलणं फारसं नाहीच, ती खोबरं खवायची, यांना ऐकू यायचं. दोन वर्षांपूर्वी शाहीन अचानक गेली. सुट्टीचा व्हिसा (इथून बाहेर पडायलाही तो लागतो) निघायला चार दिवस लागले. लवकर निघाला असता तरी काय, दफन त्याच दिवशी झालं होतं, असं तेच म्हणाले.

त्यांनी कधीतरी एका शुक्रवारचा अख्खा कॉल रेकॉर्ड केलेला होता. तेवढाच तिचा आवाज शिल्लक. ती गेल्यावर दोन वर्षं दर शुक्रवारी दीड वाजता ते तो लावून जेवायचे. विकायच्या आधी त्यांनी तो पेनड्राइव्हवर घेतला. घरी पोहोचल्यावर पुतण्याने उघडून दाखवलं... आत नुसता शॉर्टकट. डेस्कटॉपवरचं फाइलचं चिन्ह ओढून टाकलं होतं, फाइल मशीनमध्येच राहिली. जी माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून, त्यांनी पुसली.

मी म्हटलं, तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत, शिव्या तरी घालायच्या. म्हणाले, "तुमची काय चूक, साहेब? तुम्ही कायद्याने वागलात."

मला शिव्या परवडल्या असत्या. पाचशे माणसांची शेड्युल्स करणारा मी, आणि एका माणसाला एक दिवस देता आला नाही. मग मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, वेडा समजा, पण आम्हाला त्या ऐकू येतात. ते हसले नाहीत. पुढच्या शुक्रवारी फोन लावू का, एवढंच विचारलं.

पाचव्या शुक्रवारी आम्ही जेवण झाकून ठेवलं. मी फोन लॅपटॉपला टेकवून उभा केला, व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे नझीरभाई घराच्या पडवीत चटईवर बसलेले, समोर भाताचं ताट, हात अजून लावलेला नाही. दीड वाजला. खर्र... खर्र... सुरू झालं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "मला नाही येत ऐकू."

फोन मागचे आवाज गाळत असेल म्हणून मी सेटिंग बदललं. इराचा फोन लावून पाहिला. नाही. आम्हाला तिघांना हातभर अंतरावरून ऐकू येत होतं आणि ज्याच्यासाठी होतं त्याला येत नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात ती बोलली आणि मी काही विचार न करता ते तसंच्या तसं मोठ्याने म्हटलं. "भात निवतोय, म्हणतायत."

नझीरभाईंनी पहिला घास घेतला.

मग मी बोलत राहिलो. ती जे म्हणेल ते. आधी 'म्हणतायत' लावत होतो, मग ते गळून पडलं. बांगडा आज ताजा मिळाला. शेजारच्या आपाचे गुडघे पुन्हा सुजलेत. माकडांनी मागची कौलं फोडलीत, मंगळवारी तुम्ही वर चढलात ते मला आवडलं नाही, या वयात.

नझीरभाईंचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "साहेब, ते रेकॉर्डिंग मला पाठ आहे. हे त्यात नाही." मग अगदी हळू म्हणाले की माकडं आली ती या आठवड्यात, आणि मंगळवारी ते एकटेच छपरावर चढले होते. गावात कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचं वाक्य आलं आणि मला ते म्हणता येईना. वैशाली माझ्या खांद्यावरून पुढे वाकली, फोनशी तोंड नेलं आणि स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाली,

"जरा सरका, मला बसू द्या."

इतकी वर्षं पडद्यावरून जेवणाऱ्या बाईला त्या कॉलवर हे वाक्य म्हणायची वेळच कधी आली नसणार. नझीरभाईंनी ताट उचललं, चटईवर डावीकडे सरकले आणि उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी केली. मग पुन्हा जेवायला लागले. आमच्या टेबलावर खवण्याचा आवाज थांबला होता. त्यांनी जेवण संपवलं, हात धुऊन आले आणि फोन बंद केला.

त्यानंतर कितीतरी शुक्रवार गेले. आम्ही दीड वाजता गप्प बसतो, पण काही नाही. इराने पोर्टफोलिओ त्याच लॅपटॉपवर पूर्ण केला. परत देऊ का, म्हणून मी नझीरभाईंना विचारलं होतं, ते नको म्हणाले. मशीन बंद असताना आवाज कुठून आला, पुसलेल्या डिस्कवर काय उरलं होतं, मंगळवारचं छप्पर आम्हाला कसं कळलं... इंजिनिअर म्हणून मी सगळ्या बाजूंनी डोकं आपटलं, हाती काही लागलं नाही, आणि आता पुन्हा आपटायचं त्राणही नाही. कुणाला उत्तर माहीत असेल तर लिहा, मी वाचीन. फक्त तो माणूस का सरकला, हे विचारू नका. त्या चटईवर मी असतो तर मीही सरकलो असतो.