न हलवलेला डबा

कुरखेड्याच्या आजूबाजूच्या दहा गावांत आपल्या आलू-वांग्याच्या भाजीशिवाय कोणाचं लग्न लागत नाही आणि कोणाची तेरवी होत नाही, असं गुणाबाई स्वतःच सांगते. तिच्या तोंडावर नाही म्हणायची कोणाची छाती नाही. वय पासष्ट, आवाज बैल हाकायचा, आणि सगळी पुण्याई उजव्या हाताच्या मुठीत. ती मीठ मोजत नाही आणि चाखत तर मुळीच नाही. देवाचं नाहीतर पितराचं पान वाढायच्या आधी जीभ लावली की सैपाक उष्टा झाला, ही रीत. बाकीच्या बाया ती डोळा चुकवून मोडतात, गुणाबाई मोडत नाही. शंभर माणसांच्या कढईला तीन मुठी मीठ, आणि तीस वर्षांत कोणाची तक्रार नाही.

एका गुणवंतरावाला सोडून. हा म्हातारा प्रत्येक पंगतीत मोक्याच्या जागी बसायचा, सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढायचा, सगळ्यांना दिसेल अशी सोडायचा आणि भाजीवर मीठ भुरभुरायचा. मग मान वर करून, "गुणाबाई, मीठ कमी आहे." लग्न असो, बारसं असो, स्वतःच्या बायकोची तेरवी असो, पुडी आलीच. गुणाबाईनं त्याला काय काय शिव्या घातल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यंदा तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं काळा चष्मा दिला आणि बजावून सांगितलं, महिनाभर धूर नको, कांदा तर नकोच, डोळ्यात पाणी येता कामा नये. आता रांधणाऱ्या बाईला कांदा कापू नको म्हणणं म्हणजे न्हाव्याला वस्तऱ्याला हात लावू नको म्हणण्यासारखंच. हाताखालची सोमारी म्हणाली, मी कापते ना. पण सोमारीला आज कांदा कापू दिला तर उद्या ती कढई मागेल, हे गुणाबाईला चांगलं ठाऊक होतं. सोमारी त्याच दिवसाची वाट पाहत पाच वर्षं वांगी चिरत होती.

उपाय आणला तिच्या लेकीनं, दिव्यानीनं. तिचा नवरा प्रफुल ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला. तिथल्या कँटीनला माल देणाऱ्याकडून त्यानं कांद्याच्या सूपचा सुका मसाला आणला होता, चांगला दोन-तीन किलो. तळलेल्या कांद्याचे कुरकुरीत तुकडे, त्यात मीठ, मक्याचं पीठ आणि आणखी कायकाय. दिव्यानीनं तो स्टीलच्या डब्यात भरला आणि बसमध्ये मांडीवर धरून आणला. पाणी उकळायचं आणि टाकायचं, सूप तयार, भाजीत टाकला तरी चालतो, असं ती सांगत होती. गुणाबाईनं वास घेतला आणि नाक मुरडलं. गरम पाण्यात कांदा घालून प्यायला मी काय तापानं पडली आहो, असं म्हणून तिनं डबा मात्र ठेवून घेतला.

जाताना दिव्यानीनं तीन गोष्टी सांगितल्या. झाकण घट्ट लाव, नाहीतर हवा लागून गोळा होतो; तिचं आधीचं पाकीट तसंच दगड झालं होतं आणि वरवंट्यानं फोडावं लागलं होतं. ओला चमचा घालू नको. आणि काढायच्या आधी डबा दरवेळी हलव.

पहिल्या दोन गोष्टी गुणाबाईनं दिव्यानीपेक्षा चांगल्या पाळल्या. झाकणावर मेणकापड बांधलं, आत तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि डबा धानाच्या ढोलीत, गळ्यापर्यंत धानात पुरून ठेवला. ओल काय, मुंगीसुद्धा आत जायची नाही. तिसरी गोष्ट मात्र तिनं ऐकलीच नाही. भरलं भांडं हलवलं की बरकत जाते, हे तिच्या सासूनं तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पोरीला दोन बुकं शिकवली तर ती मायला डबा हलवायला सांगते, याचंच तिला हसू आलं.

पंधरा दिवस ती वरचा वरचा मसाला घेत गेली. वांग्यात टाकला, वरणात टाकला, आणि वर आपली नेहमीची चिमूट मीठ. कांदा चांगला लागायचा, मीठ बेताचं. या पिठात मीठ आहे म्हणतात पण काही नाही, असं तिनं ठरवून टाकलं. ऊर्जानगर ते कुरखेडा या रस्त्यानं बसमध्ये माणसाचं आतडं खाली जातं, तिथं मिठाची काय कथा. सगळं मीठ केव्हाच डब्याच्या तळाला जाऊन बसलं होतं.

अशात गुणवंतराव गेला. झोपेत, कोणाला त्रास न देता, जन्मात पहिल्यांदाच. त्याचा मुलगा हेमराज तेरवीच्या सैपाकासाठी गुणाबाईच्या दारात आला. डोळ्याचं कारण सांगून तिला नाही म्हणता आलं असतं, आणि मग कढई सोमारीची झाली असती. शिवाय आयुष्यात एकदा तरी त्या म्हाताऱ्याच्या घरी पुडीशिवायची पंगत उठवायची होती. ती हो म्हणाली. कांदा मी घरूनच वाळवून आणते, असं तिनं सोमारीला सांगितलं.

तेरवीला गुणाबाई काळा चष्मा लावून, वाऱ्याच्या उलट्या बाजूला खुर्ची टाकून बसली. सिनेमात काम करणाऱ्या बाईसारखी दिसते, असं पोरं म्हणत होती. भाजीला उकळी आली तशी ती उठली, डब्यात उरलेला सगळा मसाला कढईत उपडा केला, आणि वरून तीन मुठी मीठ.

अंगणाच्या कोपऱ्यात पितराचं पान वाढलं. हेमराजनं त्या पानाशेजारी एक कागदाची पुडी ठेवली. बापाच्या सदऱ्यात सापडली होती, म्हणे. गुणाबाईचं डोकं फिरलं. मेला तरी पुडी सोडत नाही, असं ती पुटपुटली, आणि सोमारीनं ते ऐकलं.

मग पंगत बसली. हेमराजनं पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला. त्याच्या शेजारचाही थांबला. पाण्याचे गिलास एकदम वर गेले. सोमारीनं कढईच्या काठाला बोट लावलं, चाटलं आणि गुणाबाईकडं पाहिलं. गुणाबाईनंही बोट चाटलं. तिची जीभच आत ओढली गेली. वर कांदा आणि खाली मीठ, दिव्यानी कशाला डबा हलव म्हणत होती ते तिला त्या घडीला कळलं.

खरं सांगायचं तर सोमारीचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. भाजी ढवळली सोमारीनं, कोणी शंका घेतली नसती. तीस वर्षांचं नाव वाचलं असतं. सोमारी पदर हातात धरून उभी होती, जणू तिलाही ते माहीत होतं.

गुणाबाई पंगतीच्या मधोमध गेली. "हेमराज, चूक माही आहे. मी आज एकबी कांदा कापला नाई. डब्यातला सूपचा मसाला टाकला, त्यात मीठ होतं, वरून आणखी मीठ टाकलं. सोमारीचा काई दोष नाई."

हेमराज उठला. तो भांडायला येतो असं वाटून दोन म्हातारे सरकून बसले. तो पितराच्या पानाकडं गेला, वाकला, मिठाची पुडी उचलली आणि आपल्या खिशात टाकली.

"बाबाले आज लागत नाई, बाई," तो म्हणाला. "तीस वर्षं मांगत होता, आज पुरलं."

मग तो पुन्हा पानावर बसला आणि भातात कालवून ती भाजी खायला लागला. बाकीच्यांनी दुप्पट भात मागून घेतला.

गुणाबाईनं चष्मा काढला आणि पदर डोळ्याला लावला. सोमारी धावत आली, डॉक्टरनं डोळ्यात पाणी आणायचं मना केलं आहे ना, असं म्हणाली.

"कांदा झोंबला," गुणाबाई म्हणाली, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशी.