पळती ते ठावं हाय, थांबती का?

थंडीच्या तोंडावर जालन्यात बाईकचं पंक्चर काढायला गेल्तो. दुकानात एक पटकेवाले मामा पोराच्या लाल, बुटक्या गाडीला टायर निवडून राह्यले होते. लोकर फाकवून मेंढी पारखावी तशा टायरच्या खाचा बोटांनी फाकवत होते.

"मामा, बारमाही टायर हाय. दोनशेनं पळवा," दुकानदार म्हणला.

"पळती ते ठावं हाय. थांबती का? सकाळी धुकं, म्होरं उसाची ट्रॉली असती."

चारी टायर बसवून झाल्यावर मामा गाडीत पोराशेजारी बसले. "पळव. मी खोकलो की ब्रेक मार."

थोड्या वेळानं गाडी किंचाळत आमच्यापुढं थांबली. पोरगं हसत उतरलं, "आप्पा, शंभरला होतो!"

मामांनी पटका नीट केला अन् दुकानदाराला म्हणले, "टायर बराबर हायेत. आता पोराला काय बसवता?"